भिगवणच्या पाण्यावर

मराठीच्या प्राध्यापकाने कॅमेरा विकत घ्यावा ही गोष्ट आमच्या नातेवाइकांना अजून पटलेली नाही. पुस्तकांचे आणखी एक कपाट घेतले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण हप्त्याहप्त्याने पैसे फेडण्याच्या बोलीवर एक कॅमेरा आणि त्याच्या पुढे लावावयाचे दुधाच्या किटलीएवढे भिंग मी घरी आणले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "याने घरातली माणसं निघतात का?"

"निघतात की," मी म्हणालो, "पण हा मुख्यतः पाखरांसाठी आहे."

त्यावर काही न बोलता त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांचा प्रश्न किती रास्त होता, हे मला पुढे भिगवणच्या पाण्यावर कळले. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

भिगवण हे गाव पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर, सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. मासळीचा बाजार म्हणून त्याचे नाव जुनेच. भीमा नदीवर उजनीचे धरण झाले, ते १९८० साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी मागे मागे पसरत इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या शिवारांत शिरले. ते पाणी उथळ आहे, कारण त्याच्या तळाशी डोंगरदऱ्या नसून माणसांची सपाट काळी राने आहेत. थंडीत पाणी थोडे उतरू लागले की काठाला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलपाण्यात लांब पायांचे पाहुणे येऊन उभे राहतात. त्यांतला मुख्य पाहुणा म्हणजे रोहित. कुणी त्याला अग्निपंख म्हणतात, आणि कुंभारगावचे नावाडी सरळ 'फ्लेमिंगो' म्हणतात. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' उशाशी घेऊन झोपणाऱ्या मला पहिली दोन नावे अधिक आवडतात. पण नावेत बसल्यावर नावाड्याची भाषा बोलावी हे बरे.

या आधी मी दोनदा तेथे गेलो होतो आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडून परत आलो होतो. पहिल्या खेपेला मी सारा कारभार यंत्रावर सोपविला. यंत्राला बिचाऱ्याला पुढे पक्षी आहे की पाणवठ्यावरची घागर आहे हे काय ठाऊक? घरी येऊन पाहतो तो उडत्या पक्ष्यांच्या जागी पिंजलेला कापूस. दुसऱ्या खेपेला मी एका जाणकाराने भर दुपारी वापरलेले आकडे वहीत उतरवून नेले आणि पहाटे सहाला जसेच्या तसे लावले. सगळी चित्रे दिवे गेल्यावरच्या माजघरासारखी आली. आकडे नुसते पाठ करून काही होत नाही, हे वृत्ते शिकविणाऱ्या माणसाला तरी आधी कळायला हवे होते. गण पाठ आहेत म्हणून कुणाला कविता होत नाही.

तिसऱ्या खेपेला, गेल्या जानेवारीत, मी पहाटे चारला निघण्याची तयारी करीत होतो, तो आई उठून आली. तिच्या अंगावर शाल होती आणि हातात पिशवी.

"मीही येते," ती म्हणाली.

मी गप्प झालो. आईचे माहेर त्याच पाण्याखाली आहे. मी रांगत होतो तेव्हा ते गाव उठले. आजोबांना दुसरीकडे जमीन मिळाली, मामा शहरात गेले, आणि आई त्यानंतर त्या बाजूला कधी फिरकली नाही. सोलापूरला जाताना त्या टापूत गाडी आली की ती डोळे मिटून घेई आणि आम्हांला वाटे, तिला झोप लागली. सत्तरी उलटलेल्या बाईला थंडीत, होडीत कुठे न्यावयाचे, असे ओठांवर आले होते. पण तिच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि चटणी बांधून तयार होती. म्हणजे बेत रात्रीच ठरला होता.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या. भिगवणला चहा घेतला. कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली होती. आमचे नावाडी पंचविशीचे, डोक्याला मफलर गुंडाळलेले. त्यांनी आईला हात धरून होडीत बसविले आणि सहज विचारले, "आज्जी, कुठल्या तुमी?"

आईने गावाचे नाव सांगितले. त्यांचा हात क्षणभर थांबला. "म्हंजे पाण्यातल्या," ते म्हणाले. त्या भागात ही एक नवीच जात झाली आहे, पाण्यातली माणसे.

होडी निघाली आणि मी कॅमेरा काढला. आई बघत होती. "एवढी बटणं कशाला रे?" असे तिने विचारले, आणि आयुष्यभर महिन्याचा खर्च भागविणाऱ्या तिला समजावून सांगताना ते मलाही पहिल्यांदा नीट समजले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे यंत्र येऊन कपाटात पडले असेल त्यांच्यासाठी तो संवाद थोडक्यात देतो.

प्रकाश ही मिळकत आहे. ती पहाटे थोडी, दुपारी भरपूर, आणि ती वाढविणे आपल्या हाती नाही. खर्चाची खाती तीन. पहिले खाते शटरचे, म्हणजे पडदा किती वेळ उघडा ठेवावयाचा. उडता पक्षी जागच्या जागी गोठवावयाचा तर सेकंदाचा १/२००० भाग. चालता असेल तर १/५०० पुरतो. बगळ्यासारखा समाधी लावून उभा असेल तर १/२५० वरही भागते. पडदा जितका चटकन मिटेल तितका प्रकाश कमी आत येणार. लांब भिंग हातात धरले की आपल्या हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. म्हणून जुने लोक सांगत की भिंग ५०० मिलिमीटरचे असेल तर पडद्याचा वेग १/५०० पेक्षा मंद नसावा. हल्लीच्या भिंगांत कंप सावरणारी युक्ती असते, त्यामुळे या नियमात थोडी सूट मिळते. पण ती युक्ती आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख नव्हे.

दुसरे खाते छिद्राचे. आकडा लहान तर छिद्र मोठे, असा हा उलटा हिशेब आहे. माझ्या ऐपतीच्या भिंगाचे छिद्र पूर्ण लांबीवर एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही. यापेक्षा मोठे उघडणारी लांब भिंगे असतात. त्यांची किंमत मी घरात अजून उच्चारलेली नाही. छिद्र मोठे ठेवले की प्रकाश मुबलक येतो आणि पाठीमागचे पाणी, गवत सारे मऊ पुसट होऊन पक्षी उठून दिसतो. पण जवळच्या पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला तर शेपूट पुसट होते. दोघे-चौघे मागेपुढे उभे असले तर एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत छिद्र लहान करावे लागते.

तिसरे खाते आयएसओचे. आई चटकन म्हणाली, "म्हणजे उसनवारी." अगदी बरोबर. मिळकत पुरेना की आयएसओ वाढवावयाचा. १०० चा ४०० केला, ४०० चा १६०० केला, की कमी प्रकाशातही चित्र उजळते. पण व्याज म्हणून त्यात वाळूसारखी खरखर येते. पडद्याचा वेग १/५०० वरून १/२००० वर नेला की प्रकाश चौपटीने घटतो. तो भरून काढावयाचा तर आयएसओ ४०० चा १६०० करावा लागतो. माझ्यासारखे पुष्कळ लोक शटर आणि छिद्र स्वतः ठरवितात आणि आयएसओ कॅमेऱ्याला सांभाळू देतात. खरखरीला भिऊ नये, हा माझा दोन खेपांचा धडा. खरखर मागाहून पुष्कळशी निवळता येते. हललेले चित्र मात्र कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

"मग आधी काय ठरवायचं?" आईने विचारले.

"आधी हे ठरवायचं की पाखरू काय करणार आहे."

हे बोललो आणि वाटले, सारी गोम येथेच आहे. प्राणी समोर आल्यावर बटणे शोधणाऱ्याला त्याची पाठ तेवढी दिसते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या जंगलात वाघांची छायाचित्रे घेत. 'विथ अ कॅमेरा इन टायगरलँड' हे त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. ते वाटेवर तार लावून ठेवीत. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाचा लोळ उठे आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढी. त्यांना जे ठरवावयाचे ते दिवसाउजेडी, वाघाच्या वाटेचा विचार करून आधीच ठरवावे लागे. आज माझा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रे काढतो. वडिलांच्या वेळी एका रोलमध्ये ३६ चित्रे असत आणि ती दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुरवीत. चित्रांचा सुकाळ झाला, तरी आधी विचार करण्याची गरज काही टळली नाही.

तोवर थोडे उजाडले. काठच्या बाभळीवर चित्रबलाक बसले होते. सूर्य अजून वर आला नव्हता, पण बलाक काही हलत नव्हता. मी १/२००, एफ ६.३, आयएसओ ३२०० असा हिशेब बसविला, होडीच्या कडेला पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकविले आणि श्वास धरून चित्र घेतले. पिशवीत भाकरी होत्या, हे आईने मागाहून लक्षात आणून दिले.

पुढे एक पांढरा बगळा सावलीतल्या काळ्या पाण्यावर उभा दिसला. येथे यंत्राचा भाबडेपणा आडवा येतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असे धरून चालतो की समोरचे जग एकंदरीत करड्या रंगाचे आहे. चौकटीत काळे पाणी भरलेले दिसले की तो म्हणतो, फार अंधार आहे, उजळा. आणि त्या उजळण्यात बगळ्याची पिसे चुन्याच्या निवळीसारखी एकजात पांढरी होऊन जातात. अशा वेळी उजेडाची भरपाई उणे एकवर आणावी. याच्या उलट, पक्षी काळसर आणि मागे लख्ख आभाळ असेल तर अधिक एक करावी, नाही तर पक्ष्याची नुसती सावली हाती लागते. गेल्या दोन खेपांना हे एक बटण मी हातही न लावता सोडले होते.

सूर्य वर आला आणि नावाड्याने इंजिन बंद केले. तो बांबूने होडी रेटू लागला. पुढे पाण्यावर एक गुलाबी पट्टा दिसत होता. जवळ जाऊ तसतसा त्या पट्ट्याला पाय फुटले. दोनेकशे रोहित असतील. माना खाली, चोची उलट्या पाण्यात, आणि सारे पाय एका ठिकाणी चिखल तुडवीत होते. या पक्ष्याची चोच उलटी धरूनच चालते. तो चिखलपाणी आत ओढतो, बाहेर सोडतो आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत बारीक जीव आणि शेवाळ अडकते ते खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात यांची वीण होते. बसला असताना तो फिकट दिसतो; खरा रंग पंखाखाली लपलेला असतो. उडाला की लालभडक पंख आणि त्यांना काळी किनार. त्या चित्रासाठीच मी तीनदा आलो होतो.

मी १/२००० लावले, एफ ६.३, आयएसओ कॅमेऱ्याने १६०० दाखविला. लक्ष्य एका जागी न गोठता पक्ष्याच्या मागे मागे जात राहील असे बटण फिरविले. सेकंदाला दहा चित्रे. सगळे जय्यत तयार. आणि पक्षी आपले खात होते. दहा मिनिटे गेली, वीस गेली. ऊन चढत होते. तासाभराने पाण्यावर उन्हाची झळ उठली की लांबचे काहीच स्पष्ट येत नाही.

नावाड्याने माझी चुळबुळ ओळखली असावी. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, उडवायची का? एकदा इंजिन मारून पुढं घातलं की समदी उठत्यात. काही लोक सांगत्यात तसं. मला न्हाय पटत, पर तुमी म्हणाल तसं."

खरे सांगतो, माझ्या तोंडून 'हो' निघणार होते. तीन खेपा, हप्ते, थंडी, आणि समोर दोनशे पंख मिटलेले. एक मिनिटाचे काम. पक्षी उडतील, चार वावे पलीकडे जाऊन पुन्हा बसतील. त्यांचे काय जाणार होते?

आई माझ्याकडे पाठ करून बसली होती. वळूनही न पाहता ती म्हणाली, "जेवत्या पानावरून उठवू नये रे कुणाला."

एवढेच. आवाज चढविला नव्हता. लहानपणी मी वडिलांना जेवताना हाक मारली की जे वाक्य ऐकत असे तेच हे. पण ज्या पाण्यावर बसून ती बोलत होती, त्या पाण्यावर त्याचा अर्थ काही निराळा झाला. नावाडी खाली पाहू लागला. मीही.

नंतर वाचून पाहिले तेव्हा कळले की आईचे म्हणणे नुसते शिष्टाचाराचे नव्हते. हा पक्षी जड. त्याला उडण्याआधी पाण्यावरून धावावे लागते. थंडीत जे पोटात साठवावयाचे ते विणीसाठी आणि पुढच्या प्रवासासाठी. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठविले तर खाल्लेले अंगी लागावे कसे? शिवाय वारंवार उठविलेला थवा ती जागाच सोडून देतो. मग पाहुणे नाहीत, आणि पाहुण्यांवर चालणाऱ्या होड्याही नाहीत.

मी बटण फिरविले. उडण्याचे चित्र मनातून काढून टाकले आणि खाण्याचे घेतले. १/६४०, छिद्र एफ ८, कारण पक्षी मागेपुढे होते. उजेड वाढला होता, आयएसओ ८०० वर आला. आणि काय सांगू, तोवर जे नुसते वाट पाहण्याचे होते ते पाहण्याचे झाले. एका पक्ष्याच्या चोचीवरून पाण्याचा धागा लोंबत होता. एक करडे पिल्लू मोठ्यांच्या पायांतून वाट काढीत होते. दोघे मान उंचावून कुरकुरत होते आणि पुन्हा निमूट जेवू लागत होते. एका पंक्तीत दोनशे पाने मांडली होती.

आणि तेवढ्यात, आम्ही काही न करता, कशाने कोण जाणे, सगळा थवा एकदम उठला! पाण्यावर पावलांचा सडा पडला, लाल पंख उघडले, आणि मी १/६४० वरच चित्रे घेत सुटलो. वेग वाढवावयाचे भान कुठले? घरी पाहिले तर अंगे स्पष्ट आणि पंखांची टोके पुसटलेली. तिसऱ्यांदाही ते चित्र हुकले. मी तेथेच कपाळाला हात लावला, तेव्हा आई कितीतरी दिवसांनी मोकळे हसली.

परत फिरताना नावाड्याने न सांगता होडी थोडी आडवी नेली आणि एका जागी बांबू रोवून थांबविली. "आज्जी, तुमचं गाव हितंच कुटंतरी. माझा आजा सांगायचा." भोवती नुसते पाणी होते, एक शेकाट्या लांब गुलाबी पायांवर काठाने हिंडत होता. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार उतरले की वर दिसते, लोक बघायला जातात. आईच्या गावाचे असे वर येण्याजोगे काही नव्हते. तिने पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "विहिरीचं पाणी यापेक्षा गार होतं."

मला वाटले, हे चित्र मात्र घ्यावे. मी कॅमेरा उचलला, भिंग तिच्याकडे वळविले. ते पुढे-मागे घुरघुरले आणि काही केल्या स्थिर होईना. त्या लांब भिंगाला तीनेक मीटरांच्या आतले दिसतच नाही, आणि आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. होडीत मागे सरकावयास जागा नव्हती. सौभाग्यवतींचा प्रश्न आठवला.

शेवटी नावाड्याने खिशातला मोबाईल काढला आणि आम्हां दोघांचे चित्र काढून दिले. शटर किती, छिद्र किती, काही ठाऊक नाही. मागे पाणी आहे, आईचा हात ओला आहे, आणि मी कॅमेरा मांडीवर ठेवून बसलो आहे.

घरी आता दोन चित्रे भिंतीवर आहेत. एक पंक्तीला बसलेल्या रोहितांचे, ते मी काढलेले. दुसरे नावाड्याने काढलेले. येत्या जानेवारीत पुन्हा जाणार आहे. या खेपेला एक लहान भिंगही बरोबर घ्यावे, असे घरातूनच सुचविण्यात आले आहे, आणि आईने भाकरींचे आधीच कबूल केले आहे.